कपाटाला लागलेला हात

५ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. हा सवयीचा आहे, मनातला नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुझं पाकीट परवा आलं. आईला वाटलं, पाच महिन्यांनी का होईना, लेकाने पत्र धाडलं. मी फोडलं तर आत छापील प्रवचन. धाकटा गेल्यानंतरच्या आठवड्यात तू प्रार्थनाघरात जे बोललास तेच, आता जाड कागदावर. सोबत आईसाठी दोन ओळीसुद्धा नाहीत. नव्या गावाची हवा कशी आहे, जेवणाचं काय करतोस, एवढं तरी लिहायचंस.

आईला अक्षर दिसत नाही, तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पवित्र पेटी बैलगाडीवरून चाललेली, बैल अडखळले, पेटी कलली, आणि ती पडू नये म्हणून शेजारच्या माणसाने हात लावला. देवाने त्याला तिथल्या तिथे मारलं. मग तुझं विवेचन. देवाच्या सामर्थ्यापुढे माणसाचा चांगला हेतूसुद्धा उभा राहू शकत नाही. आपल्यातल्याही एकाने कपाटाला हात लावला आणि देवाने त्याला नेलं. का नेलं, हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही. छान लिहिलंयस. त्या दिवशी हॉलमधल्या सगळ्या बायका रडल्या होत्या. मीसुद्धा रडले होते.

आई तेव्हाही रडली नाही आणि परवाही नाही. तिने एवढंच विचारलं, "त्याने काय पाप केलं होतं?"

हे ती रोज विचारते. धाकट्याचं काही सापडेना, तेव्हा तिने ठरवलं की पाप तिचंच असणार. आता शहात्तराव्या वर्षी ती खुर्चीवर बसत नाही, पलंगावर निजत नाही. उघड्या फरशीवर बसते आणि आठवत राहते. काल म्हणाली, लहानपणी बहिणीची फणी मोडली होती आणि नाव मोलकरणीचं घेतलं होतं, त्याचं असेल का गं? फणीसाठी देव चाळीस वर्षांचा मुलगा नेत नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तुला काय माहीत, दादाला विचार.

म्हणून विचारते. तू वाचक आहेस, शास्त्र समजावून सांगणं तुझं काम. मी ती गोष्ट स्वतः काढून वाचली. पेटीला दांडे होते. ती खांद्यावरूनच न्यायची असा स्पष्ट नियम होता. गाडीवर चढवायचं ठरवलं ते राजाने आणि त्याच्या मानकऱ्यांनी. गाडी दोन भाऊ हाकत होते, एक पेटीपाशी आणि एक पुढे. पुढचा वाचला. त्याचं पुढे काय झालं ते शास्त्रात लिहिलेलं नाही. तुझ्या प्रवचनात गाडी कोणी आणली तेही नाही आणि दुसरा भाऊही नाही.

आपल्याकडे गाडी कोणी आणली, ते मी सांगू का? वजन हलवणारी माणसं बोलावू, त्यांच्याकडे साखळीची कप्पी असते, असं प्रार्थनाघराच्या मंडळातले दोघेजण म्हणत होते. चारशे किलोचं कपाट पहिल्या मजल्यावरून खाली आणायचं म्हणजे चेष्टा नाही. तू म्हणालास, ज्यात शास्त्र ठेवतो त्या कपाटाला परक्याचा हात लागायला नको. मग घरचे हात लागले. दिवसभर भिंगं घासणारे, चष्म्याचे एवढेएवढे स्क्रू पिळणारे हात.

आईला काय सांगू ते कळव.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन वचनं आणि खाली सही. देवाकडून सुख घेतलं तर दुःखही घ्यावं, हे त्यातलं पहिलं. अंगभर फोड आलेला माणूस स्वतःच्या फोडांबद्दल तसं बोलला होता. दुसऱ्याच्या फोडांवर वचनं लावत बसले होते ते त्याचे मित्र, आणि शेवटी देव त्यांच्यावरच चिडला. हेही मी वाचलं. तुझ्या कृपेने या पाच महिन्यांत माझं बरंच वाचन झालं आहे.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. तू बरा आहेस, असं तुझ्या वतीने खोटं सांगितलं.

आता कामाचं. चौकशी अधिकाऱ्याचा कच्चा अहवाल आला. धाकट्याच्या बायकोला त्याची प्रत मिळाली, ती माझ्याकडे घेऊन आली. चार पानं आहेत. जिन्यावर फळ्या टाकल्या होत्या, कपाट एकाच पट्ट्याने वरच्या खांबाला वेढा देऊन सोडत होते, पट्ट्याची गाठ मृताने बांधली होती, ती सुटली. अपघातास मृताचा निष्काळजीपणा कारणीभूत. कपाटाखाली आलेल्या प्रार्थनाघराच्या रखवालदाराचा पाय गेला त्यालाही मृतच जबाबदार. हरकत असल्यास सोळा एप्रिलच्या सुनावणीत मांडावी, नाहीतर हाच अहवाल कायम.

ती बिचारी 'मृत' या शब्दावर बोट ठेवून बसली होती. म्हणाली, ताई, ते सगळं आयुष्य जपून वागले. मुलीला रस्ता ओलांडायला शिकवताना तीनदा मागे आणायचे. रखवालदाराची बायको दुकानात भेटली की तोंड फिरवते म्हणे. मुलीने शाळेत ऐकलं की तिच्या बाबांनी एका माणसाचा पाय तोडला.

म्हणजे हिशेब असा झाला. प्रार्थनाघरात धाकट्याला देवाने मारलं आणि सरकारदरबारी तो स्वतःच्या चुकीने मेला. दोन्हीकडे दोषी तोच, आणि दोन्हीकडे जबाब तुझा.

एक गोष्ट विचारायची होती. अहवालात एकच पट्टा आहे. पट्टे दोन होते ना?


६ मार्च

दादा,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही.

पट्टे दोन होते हे मला कसं माहीत, असं तुझ्या मनात येईल. धाकट्यानेच आदल्या दिवशी सांगितलं होतं. एक प्रार्थनाघरात होता, दुसरा हवा होता. एका पट्ट्यावर तो कपाट सोडणार नाही, तेवढा तो भित्रा होता. मग दुसरा गेला कुठे? जिन्यात सापडला नाही, सामानात नाही, पोलिसांच्या यादीत नाही. सगळ्यांत आधी खाली धावला तो तू. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्यापाशी होतास तो तू.

मी नुसतं विचारते आहे. बारा वर्षं मी पट्टे बनवण्याच्या कारखान्यात काम करते, म्हणून मला पट्ट्यांचं जरा जास्त वाटतं, असं समज.

आई आता एक वेळच जेवते. तुझ्या प्रवचनाची घडी पडून पडून कागद मधोमध फाटला. मी चिकटपट्टी लावली. का लावली ते मलाही सांगता येणार नाही.


११ मार्च

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. 'पट्ट्याचं विचारू नकोस. जिथे कुणाचा हात जात नाही तिथे तो आहे. तुझ्याच भल्यासाठी सांगतो.'

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ठीक आहे. आता मी लिहिते, तू वाच. आमच्या कारखान्यात वजन उचलायचे पट्टे शिवतात. माझं टेबल तपासणीचं. प्रत्येक पट्टा बोटांतून सरकवायचा, टाका सुटला असेल किंवा कडेला चीर असेल तर त्याच्या बिल्ल्यावर लाल रंग फासायचा आणि घरी जायच्या आत कात्रीने त्याचे दोन तुकडे करायचे. तुकडे केल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. कारण पट्टा धड दिसला की कोणी ना कोणी तो वापरतोच. हे नव्या मुलींना मीच शिकवते. ओरडून शिकवते.

दोन वर्षांपूर्वी एक पट्टा आला. लांबलचक, नवाकोरा, आणि मधे बोटभर चीर. मला गाद्यांची वळकटी बांधायला काहीतरी हवं होतं. मी लाल बिल्ला उसवला, पट्टा पिशवीत घातला आणि घरी आणला. गाद्यांना तो चांगला पुरला.

धाकटा आला तेव्हा मी इस्त्री करत होते. म्हणाला, ताई, उद्यासाठी एक पट्टा कमी पडतोय. मी मान वर न करता म्हटलं, दाराआड आहे तो ने. त्याने तो गाद्यांवरून सोडला, भिंग धरतो तसा उजेडाकडे धरून पाहिला. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसायचा. पट्ट्यात काय बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "टिकेल ना गं?" त्याने विचारलं.

"न टिकायला काय झालं," मी म्हटलं.

मला चीर आठवली नव्हती असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. आठवली होती. वाटलं, कपाटच तर आहे, दुसरा पट्टाही असणार. आणि बिल्ला उसवलेला पट्टा माझ्या घरात कसा आला, हे त्याला सांगायची लाज वाटली. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्याने तुला सांगितलं असणार की ताईने दिलाय, आता बघायला नको. तो तसंच म्हणायचा माझ्याबद्दल. म्हणून तुला कळलं. म्हणून तो तुटका पट्टा तू कोटाखाली घेतलास, आणि जिथे कुणाचा हात जात नाही तिथे ठेवलास. ती जागा कुठली, ते मला आज पोस्टकार्ड हातात धरल्याधरल्या समजलं. खाली आणलेल्या त्याच कपाटात. किल्ली फक्त वाचकाची. शास्त्राच्या खाली.

मला वाचवलंस म्हणून आभार मानू? मला विचारलंस का? मला वाचवायला काय काय लागलं ते बघ. धाकट्याचं नाव लागलं. रखवालदाराचा पाय त्याच्या माथी मारावा लागला. आईचे गुडघे लागले. एवढ्यानेही भागेना, तेव्हा तू देवालाच पुढे केलंस. माझं खापर त्याच्या डोक्यावर फोडलंस, कारण देव चौकशी अधिकाऱ्यापुढे येऊन जबाब द्यायचा नाही, याची तुला खात्री होती. आणि त्यात तुझंही काम झालं. पट्टा बाहेर आला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता, की कप्पीवाल्या माणसांना नको कोण म्हणालं.

मी काही फार वेगळी नाही. सहा महिने मी मूग गिळून बसले. त्या दिवशी हॉलमध्ये तू देवाने नेलं म्हणालास तेव्हा मी रडले, ते दुःखाने नव्हे. सुटले म्हणून रडले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुलाच सांगावं लागतंय याचा मला संताप येतो.


२८ मार्च

दादा,

सोमवारी कारखान्यात जाऊन सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही तरी असं करायला नको होतं. माझी कात्री ठेवून घेतली आणि गेटपर्यंत सोडायला आला. मी शिकवलेल्या मुली खाली मान घालून पट्टे सरकवत होत्या.

मंगळवारी चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. लेखी दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. मला वेडी समजला नाही, त्याहून वाईट, चांगली समजला. म्हणाला, मृत भावाला सोडवायला बहिणी काहीही अंगावर ओढून घेतात, मी पूर्वीही पाहिलंय. पट्टा आणा, मग बोलू. पट्टा नसेल तर ही माया झाली, पुरावा नाही.

मंडळाकडे गेले. कपाट उघडा म्हटलं. ते म्हणाले, वाचकाशिवाय कुणी उघडत नाही, आणि नवा वाचक अजून नेमलेला नाही, किल्ली तुझ्याकडेच आहे. कुलूप फोडायला हातोडा पुरेल, मला ठाऊक आहे. पण मी फोडणार नाही. ते तूच उघडायचं.

एक सांगते. मी शिकलेली नाही तुझ्याएवढी, पण इतकं वाचून माझ्या लक्षात आलं की आपल्या शास्त्रातला देव शिक्षा करायच्या आधी बहुतेक वेळा प्रश्न विचारतो. पहिल्या माणसाला विचारतो, तू कुठे आहेस. त्याच्या मुलाला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे. त्याला का माहीत नसतं? माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं म्हणून विचारतो. आणि माणूस काय करतो? पहिला म्हणतो, या बाईने दिलं, आणि ही बाई तूच मला दिलीस. म्हणजे एका वाक्यात बायकोही अडकवली आणि देवही. दुसरा म्हणतो, भावाचं मला काय विचारता. तेव्हापासून आपण तेच करत आलो आहोत, फक्त तू ते जाड कागदावर छापून घेतलंस.

पेटीच्या गोष्टीत मात्र देवाने काही विचारलं नाही, सरळ मारलं. ते मला समजत नाही आणि आवडतही नाही. राजालाही आवडलं नव्हतं. तो चिडला, घाबरला आणि पेटी वाटेतल्या एका घरी ठेवून परत गेला. त्या प्रसंगाचं प्रवचन करून छापून आणायचं मात्र त्याला सुचलं नाही.

सोळा एप्रिल, सकाळी अकरा. किल्ली घेऊन ये. आला नाहीस तर धाकटा कायमचा दोषी राहील, आणि मी तुझ्या कृपेने कायमची निर्दोष. मला ते नको आहे. धमकी नाही, भीक मागते असं समज हवं तर.


१७ एप्रिल

दादा,

काल तू सुनावणी संपताच मागच्या दाराने गेलास. एसटी पकडायची होती म्हणे. पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

आधी जे पाहिलंस त्याबद्दल. तू आलास. सकाळी कपाट उघडून पट्टा आणलास, शास्त्राच्या जुन्या मखमली आवरणात गुंडाळून का होईना. अधिकाऱ्याने विचारलं, लपवला कुणी. तू म्हणालास, मी. का? बहिणीवर येईल म्हणून. मग त्याने विचारलं, वजन हलवणारी माणसं कुणी नाकारली. तू छताकडे बघायला लागलास. वाटलं, आता वचन येणार. तू म्हणालास, "मीच नाकारली." माझ्या आठवणीत इतकं लहान उत्तर तू पहिल्यांदा दिलंस. तेवढ्यापुरता मला तू माझा भाऊ वाटलास.

तुकड्याची फाटलेली कड अधिकाऱ्याने मला दाखवली आणि ही चीर जुनी आहे का, असं विचारलं. मी बोट फिरवलं आणि हो म्हटलं. तपासणीचं शेवटचं काम.

अहवाल बदलणार. धाकट्याच्या नावापुढचं वाक्य काढणार. तुझ्यावर आणि माझ्यावर खटला होईल, केव्हा ते कळेल. बाहेर रखवालदार कुबड्यांवर उभा होता. तो धाकट्याच्या बायकोपाशी गेला आणि म्हणाला, त्यांनी मला ढकललं होतं हो, कपाट सुटलं तेव्हा. ढकललं म्हणून पायावर निभावलं. मी हे आधी बोललो होतो, कुणी लिहून घेतलं नाही. तिने त्याचा हात धरला आणि तशीच उभी राहिली. तू हे ऐकायला हवं होतंस. धाकट्याचा एकच हात कपाटाला होता.

आता आईचं. तिला आणू नकोस असं तू म्हणाला होतास, पण ती ऐकेना. मागच्या भिंतीपाशी बसली होती, तू तिकडे वळून पाहिलं नाहीस. तिने सगळं ऐकलं. आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता मारेल मला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने तुझं प्रवचन काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग दोन लुगडी, औषधाची डबी आणि धाकट्याचा फोटो पिशवीत भरला. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, सुनेकडे. मी म्हटलं, आई, मला काय बोलायचं ते बोल. त्यावर ती बोलली, अगदी हळू, पण सगळे शब्द नीट ऐकू आले.

"सात महिने मी देवापुढे जमिनीवर बसले. माझा लेक मारलास, पण त्याला क्षमा कर, म्हणत राहिले. मनातल्या मनात त्याला खुनी म्हणत होते आणि वर हात जोडत होते. ते तुम्ही दोघांनी करायला लावलंत मला. तुम्हाला कोर्ट शिक्षा देईल. देवाला मी जे जे म्हटलं, त्याचं मी काय करू?"

तुझ्याकडे एखादं वचन असेल तर ते स्वतःजवळच ठेव. मी तिला सुनेच्या दारापर्यंत सोडलं, तिने आत जाऊन दार लावून घेतलं. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला नाही, मी बराच वेळ ऐकत उभी होते.

आईचा पत्ता आता तिकडचा. तिने निरोप दिलाय की दोघांनीही तिला पत्र पाठवू नये.